निशाणी पाच

खजुराच्या झाडावर चढणारा माणूस कमरेभोवती दोराचा पट्टा घेतो. पट्टा झाडाभोवती फिरवतो, मागे रेलतो आणि मगच पाय उचलतो. दोर स्वतः वळलेला नसेल तर तो चढत नाही.

*

निशाणी ५. जाबदाराचे स्वहस्ते लिहिलेले पत्र. पान एक. वाचून दाखविले.

*

फावड्याचे घट्टे बोटांच्या मुळाशी पडतात. नांगराचा घट्टा अंगठ्याच्या बुडाशी, आणि एकाच हाताला.

*

उंडीतळला बाई लावणी करते, बेणते, कापते, झोडते, भारे वाहते. जोताला हात लावत नाही. का, ते कोणी विचारत नाही.

*

"हात पदराखाली घ्या," साहेब म्हणाले.

*

बागेच्या मालकाने, अरबाबाने, बैल विकला. मोटेचं चामडं विहिरीच्या काठावर वाळून लाकडासारखं झालं.

*

बैल विकला, कारण मकीना येणार होती. मकीना म्हणजे डिझेलचा पंप. ती बसवायला विहिरीशेजारी कंबरभर खोल खड्डा हवा होता, आणि तो खड्डा एकोणीसशे चौसष्टच्या ऑगस्टात, आखातातल्या फुजैऱ्याच्या किनाऱ्यापासून मैलभर आत, सालेम अरबाबाच्या बागेत हमीद आणि मुनीर खणत होते. वरची हातभर माती मऊ होती. खाली डोंगरातून वाहून आलेला गोटा लागला. पहारीचा घाव घातला की ठिणगी उडायची आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणायचा. हवा समुद्राकडून यायची, पण गार नव्हती, ओल्या गोधडीसारखी अंगावर बसायची. सदरा काढला तर पाठ भाजते आणि घातला तर भिजून चिकटतो, म्हणून हमीद तो डोक्याला गुंडाळून काम करी.

"काय खोत," मुनीर खड्ड्याच्या काठावरून म्हणाला, "हा गोटा तुम्ही काढणार, की माणसं लावणार?"

ही त्याची रोजची थट्टा होती. दोन वर्षांपूर्वी ईदच्या वेळी हमीदने आपल्या उंडीतळ गावच्या जमाल खोताला एक पत्र लिहिलं होतं आणि पाकिटात घालायच्या आधी झोपडीत सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. आमच्या घरची बाईमाणसं आता बांधावर पाय ठेवत नाहीत, शेताची कामं माणसं लावून होतात, असं त्यात होतं. तेव्हापासून मुनीर त्याला खोत म्हणायचा. हमीदला ते आवडायचं. तो तोंड वाकडं करी, पण आवडायचं.

"तुलाच लावलाय," हमीद म्हणाला. "उतर खाली."

मुनीर उतरला नाही. तो बागेच्या फाटकाकडे बघत होता. दुबईहून वाळूतून आलेल्या ट्रकचं टपाल तय्यब घेऊन येत होता. तय्यब रत्नागिरीचा, सातवी पास, बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडे वह्या लिहायचा आणि आसपासच्या कोकणी माणसांची पत्रं पोचवायचा. आज त्याच्या हातात जाड पाकीट होतं आणि तो हसत नव्हता.

"हमीदभाय, खेडच्या वकिलाचं आहे," तो म्हणाला. "लांब आहे. सावलीत बस."

*

ते मोटेच्या धावेवर बसले, जिथे बैल चालायचा तिथे. मोहिद्दीनचाचा आधीच तिथे बसून दोर वळत होता. चाचा साठीचा, हमीदच्या शेजारच्या गावचा. झोपडीत नमाज तोच पढवायचा आणि कोणी शिवी दिली की नुसतं बघायचा. हमीदला वाटलं, चाचाने उठून जावं. चाचा उठला नाही.

तय्यबने वाचलं. मामलेदारांनी अकरा जुलैला निकाल दिला. ओढ्याकाठचे भाताचे चार कुणगे आणि ओढ्यापलीकडचा एक, हे हमीद कूळ म्हणून कसत नाही. तो तीन वर्षांपेक्षा जास्त गावात नाही. घरातलं कोणी कसत नाही. कोणी देखरेखही करत नाही. जमीन जमाल खोत आपले गडी लावून करतो, हे त्याचं म्हणणं खरं धरलं आहे. कारण निशाणी पाच.

"निशाणी पाच म्हणजे काय?" मुनीरने विचारलं.

तय्यबने कागद उलटला. "कोर्टात जो कागद दाखल होतो त्याला नंबर देतात. पाचवा नंबर, हमीदभाय, तुमचं पत्र. ईदचं."

मुनीरच्या तोंडून हसू फुटायला आलं होतं, ते तिथेच राहिलं. चाचाचा दोर वळायचा थांबला.

"पण खोताला ठाऊक आहे," हमीद म्हणाला. "कोण कसतं ते त्याला चांगलं ठाऊक आहे."

"कोण कसतं?" चाचाने विचारलं.

हमीदने जमिनीकडे पाहिलं. बैलाच्या खुरांचे जुने ठसे वाळून घट्ट झाले होते.

"पुढे वाच," तो म्हणाला.

पुढे वकिलाने लिहिलं होतं, की निकालापासून साठ दिवसांच्या आत प्रांतसाहेबांकडे अपील करता येतं. नकलेला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण त्यावर विसंबू नये. अपिलात नवीन पुरावा सहसा घेत नाहीत. तरी निशाणी पाच तुम्हीच लिहिली असल्याने तिचा खुलासा तुम्हीच द्यावा, असा अर्ज मी करतो आहे. खुलासा तुमच्या स्वतःच्या हस्ताक्षरात हवा, ते अक्षर निशाणी पाचशी ताडून पाहतील. खाली तुम्हाला ओळखणाऱ्या दोन माणसांची सही किंवा अंगठा हवा. कागद त्यांना वाचून दाखवून मगच सही घ्यावी. चार प्रश्नांची उत्तरं त्यात यावीत.

तय्यबने प्रश्न वाचले. तुमच्या पश्चात जमीन कोणी नांगरली? ते तुम्हाला केव्हापासून ठाऊक? तरी निशाणी पाचमधला मजकूर का लिहिला? आणि चौथा: जोत धरायला तिला कोणी शिकवलं? कारण विरुद्ध पक्ष म्हणणार, बाईला नांगर येणंच शक्य नाही.

"तिला?" चाचा म्हणाला.

विहिरीत एक दगड सुटला आणि पाण्यात पडला.

"मंगळवारी सकाळी ट्रक दुबईला परत जाणार," तय्यब कागद घडी करत म्हणाला. "गुरुवारी मुंबईची बोट आहे. ती चुकली तर पुढची कधी, सांगता येत नाही. आज शनिवार. यल्ला, वेळ घालवू नका." मग त्याने पाकिटातून आणखी एक कागद काढला, वहीचा, रेघांचा. "हे घरचं आहे. हे तुमचं तुम्ही वाचा."

*

शहनाझ दहा वर्षांची होती. बाप गेला तेव्हा सहाची. तिचं अक्षर मोठं होतं आणि रेघेच्या वर तरंगायचं.

बाबांस सलाम. आईने सांगितलं तसं लिहिते. आम्ही कचेरीत गेलो होतो. आजी घरी होती. आई म्हणाली, साहेब मी कसते. नांगर पण मीच धरते. तर खोतांच्या वकिलाने तुमचं पत्र वाचलं. तुमचं अक्षर मी ओळखलं. वकील म्हणाला, बाई, नवरा खोटा की तू खोटी? लोक हसले. मग आईने दोन्ही हात टेबलावर ठेवले, असे उताणे. साहेब म्हणाले, हात पदराखाली घ्या. आईने घेतले. यंदा लावणी झाली. मी शाळेत तिसरी आले. आईने सांगितलेलं एवढंच.

हमीद खजुराच्या बुंध्याला टेकून वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने कागद पुन्हा उघडला आणि एकच ओळ शोधली. तुमचं अक्षर मी ओळखलं. मग तो पहार घेऊन खड्ड्यात उतरला आणि असरची, तिसऱ्या प्रहरची, नमाज होईपर्यंत थांबला नाही. मुनीर बाहेर माती ओढत होता. एकदाही खोत म्हणाला नाही.

*

पहिला कागद, रविवार, दुपारची सुट्टी:

मी हमीद, राहणार उंडीतळ, हल्ली फुजैरा, लिहून देतो की माझ्या पश्चात माझी बायको कुबरा ही शेती बघते. नांगर ती धरते हे मला माहीत नव्हते. म्हणून निशाणी पाच गैरसमजाने

इथे घामाचा थेंब पडला आणि शाई पसरली. हमीदने कागद चुरगाळला. थेंब पडला नसता तरी त्याने चुरगाळला असता. त्याची आई मैमुनाबी हिने बासष्ट साली मशिदीच्या मौलवीकडून लिहवून घेतलेलं पत्र त्याच्या ट्रंकेत होतं. त्यात होतं, खोत मशिदीच्या ओट्यावर बसून म्हणाला, हमीद अरबात गेला आणि बायकोला जोताला जुंपून गेला. चार माणसं हसली, बाळा, मी घरात तोंड लपवून बसले. ते पत्र आलं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी हमीदने खोताला ईद मुबारकचं पत्र लिहिलं होतं.

जे खोताने स्वतः ओट्यावर सांगितलं, ते खोटं आहे असं हमीदने स्वतःच्या हाताने लिहून खोताला पाठवलं होतं. खोताने नुसतं जपून ठेवलं.

*

सोमवारी सकाळी मकीना आली. सहा माणसांनी ती गाढवांच्या गाडीवरून उतरवली, फळ्यांवरून ढकलत खड्ड्याशी आणली. अरबाबाचा आवाज सगळ्यांच्या वर होता, "शुवै, शुवै," हळू, हळू. मकीनेचं एक चाक फळीवरून घसरलं आणि हमीदने खांदा लावला. खांद्याची कातडी सोलली. अरबाबाने त्याच्या पाठीवर थाप मारली, नेमकी सोललेल्या जागी.

त्याच वेळी अरबाबाची बायको उम्म राशिद लसूणघासाचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून आली. तोंडावर निळसर काळा मुखवटा, पाय अनवाणी, घोट्यापर्यंत चिखल. विळा कमरेला खोचलेला. मधे उभ्या असलेल्या मुनीरला तिने हाताने बाजूला केलं, भारा शेळ्यांपुढे टाकला आणि मकीनेभोवती एक चक्कर मारून नवऱ्याला काहीतरी विचारलं. नवरा समजावू लागला. तिने पाण्याचा पाट कुठून फिरवायचा ते विळ्याच्या टोकाने मातीत काढून दाखवलं. अरबाब मान डोलावत ऐकत होता.

ही बाग हिची आहे का, असं हमीदने एकदा विचारलं होतं. अर्धी तिची, तिच्या बापाची, असं मुनीर म्हणाला होता. तेव्हा दोघं हसले होते.

आता त्याने बघितलं, की तिच्या हाताकडे कोणीच बघत नव्हतं.

*

दुसरा कागद, सोमवार:

माझ्या पश्चात जमीन माझी बायको कुबरा हिने नांगरली, चिखलणी केली, लावणी, बेणणी, कापणी केली. हे मला बासष्ट सालापासून पत्राने ठाऊक आहे. तरी निशाणी पाच मी लिहिली. ती लाजेपोटी लिहिली. त्यात लिहिलेली माणसं कोणी नव्हती. मी कोणतीही माणसं लावली नाहीत.

एवढं लिहायला त्याला दुपारच्या जोहरपासून असरपर्यंत लागलं. शेवटच्या वाक्याखाली त्याने रेघ मारली, मग रेघ खोडली. अक्षर निशाणी पाचशी जुळायला हवं होतं. ते पत्र त्याने टाकाला ताठा देऊन लिहिलं होतं, वेलांट्या लांब ओढून, मोठ्या माणसाने लिहावं तसं. आता तसा ताठा येईना. प्रांतसाहेब दोन्ही कागद शेजारी ठेवणार आणि म्हणणार, हा हात वेगळा. त्याने वेलांट्या मुद्दाम लांब ओढल्या. आपल्याच जुन्या फुशारकीची नक्कल करताना त्याचे कान तापले.

मग चौथा प्रश्न राहिला. त्या प्रश्नाजवळ आलं की त्याचं मन ओढ्यापलीकडच्या कुणग्याकडे जायचं. तो कुणगा काजूंच्या आड होता, वाटेवरून दिसत नसे. हमीद मन तिथून मागे वळवायचा, जसं बैलाला वळवतात, कासरा आवळून.

*

सही मकीनेच्या खड्ड्याशीच झाली. मंगळवारी पहाटेची फजर झाल्यावर उजाडलं, तेव्हा ट्रक निघायला तासभर होता. हमीदने उभं राहून वाचलं.

"माझी बायको कुबरा हिने नांगरली," त्याने वाचलं, आणि मोहिद्दीनचाचाने हात वर केला.

"थांब. हे कागदावर राहणार?"

"राहणार."

"कचेरीत? माझ्या अंगठ्यासकट?"

"हो, चाचा."

"उद्या माझ्या गावचा कोणी वाचेल. म्हणेल, मोहिद्दीनने पाहिलं का, बाईने जोत धरलं?" चाचाने दाढीवरून हात फिरवला. "मी असल्या कागदाला अंगठा लावत नाही. जमीन गेली तर गेली. माणूस जातो, जमीन काय?"

"चाचा, जमीन गेली तर ती कुठे जाईल?" मुनीर म्हणाला.

"कोण ती?"

"जिने नांगरली ती."

चाचा त्याच्याकडे नुसता बघत राहिला, शिवी दिल्यावर बघायचा तसा. मुनीरने नजर वळवली नाही. तय्यब शाईचा पॅड उघडून बसला होता आणि पॅड उन्हाने सुकू नये म्हणून त्यावर टोपी धरून होता.

मग चाचा म्हणाला, "माझी बायको हलिमा गेली तेव्हा तिच्या पायाच्या भेगांत चिखल होता. बायकांनी धुवायचा प्रयत्न केला. निघेना." त्याने अंगठा पुढे केला. "मी इथे सगळ्यांना सांगायचो, ती घरात शिवणकाम करते. वाच पुढे."

हमीदने पुढे वाचलं. माणसं कोणी नव्हती, हे वाचलं. लाजेपोटी लिहिली, हे वाचलं. मुनीरने एकदाही वर बघितलं नाही. त्याने एक टोमणा मारला असता तर हमीद त्याच्यावर ओरडू शकला असता.

"चौथ्याचं उत्तर कुठे आहे?" तय्यबने विचारलं. "शिकवलं कोणी? वकिलाने त्याखाली रेघ मारली आहे. सगळ्यात जोर त्यावरच देणार ते."

"रिकामं राहू दे."

"रिकामं कसं? त्यांना तेच तर हवंय. बाईला नांगर येतच नाही म्हणतील, मग हे बाकीचं सगळं खलास."

"शिकवलं कोणी तिला?" मुनीरने विचारलं. आवाज साधा होता. "तुझा भाऊ नाही, बाप नाही. शेजारच्या गड्याने शिकवलं का?"

"कोणी नाही," हमीद म्हणाला.

"कोणी नाही म्हणजे?"

"तिची तीच शिकली."

तिघंही त्याच्याकडे बघत होते. हमीदने गुडघ्यावर फळी घेतली, कागद ठेवला आणि लिहिलं. चौथे, तिला कोणीही शिकवले नाही. ती आपल्या हिमतीने स्वतःच शिकली. वेलांट्या आपोआप लांब आल्या. निशाणी पाचसारख्या अगदी.

चाचाचा अंगठा उमटला. मुनीरने सही केली, मोडी वळणाची, मोठी. तय्यबने कागद पाकिटात घातला, जिभेने कड ओली केली आणि पळत निघाला. फाटकाशी ट्रकचा हॉर्न वाजत होता.

अरबाबाने मकीनेचा दांडा फिरवला. ती दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा चालू झाली. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. मुनीर पाटाच्या कडेला बसून पाय धुवू लागला. हमीदने वाट बघितली, की तो म्हणेल, काय खोत, मकीनेला पण माणसं लावायची का. मुनीर म्हणाला, "हमीदभाय, पाणी घ्या." आणि बाजूला सरकला. तेव्हापासून तो त्याला हमीदभायच म्हणत राहिला.

*

वकिलाचं पत्र पासष्टच्या मार्चात आलं. अपील मुदतीत दाखल झालं. प्रांतसाहेबांनी निशाणी पाच आणि खुलासा शेजारी ठेवून पाहिले, अक्षर एकच असल्याचं नोंदवलं. विरुद्ध पक्षाने चौथ्या उत्तरावरच सगळा भर दिला. कोणी न शिकवता बाई नांगर धरते हे अशक्य आहे, म्हणून सगळा खुलासाच बनावट आहे, असं म्हणाले. साहेबांना शंका आली. त्यांनी जागेची पाहणी करायचं ठरवलं. पुढचं मुलीच्या पत्रात आहे.

बाबांस सलाम. साहेब जीपमधून आले. सगळा गाव बांधावर आला. खोत पण. साहेब म्हणाले, बाई, जोत धरून दाखवा. आईने पदर खोचला आणि धरलं. ओढ्यापलीकडच्या कुणग्यात दोन फेरे मारले. रेघ सरळ आली. बायका बघत होत्या आणि तोंडाला पदर लावत होत्या. आजी आली नाही. मग साहेबांनी विचारलं, हे कोणी शिकवलं? आई गप्प होती. वकिलाने आईला तुमचा कागद आधी वाचून दाखवला होता. साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हा आई म्हणाली, कोणी नाही, माझी मीच शिकले. साहेबांनी लिहून घेतलं. मग निकाल आपल्या बाजूचा झाला. मी आईला म्हटलं, बाबांना काय लिहू? आई म्हणाली, लिही, मी तेच सांगितलं जे त्यांनी लिहिलं होतं.

हमीदने पत्र मुनीरला वाचून दाखवलं. "जिंकलात," मुनीर म्हणाला. चाचाने दोन्ही हात उचलून शुकर केला. तय्यबने बाजारातून खजुराचा हलवा आणला. हमीदने हातात घेतला. तो तळहातावर वितळू लागला तरी त्याने खाल्ला नाही. मकीना चालू होती, पाट भरून वाहत होता, आणि त्याला पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायचं होतं. तो फावडं घेऊन उठला.

*

नांगराची मूठ कशी धरायची हे कुबराला हमीदने शिकवलं. एकोणीसशे साठच्या मे महिन्यात, लाँच पकडायला निघायच्या आठ दिवस आधी, ओढ्यापलीकडच्या कुणग्यात, भर दुपारी, गाव जेवून निजलेला असताना.